इटलीत शेतावर राहायचं आहे: खरं शेत आणि भरवशाचा यजमान कसा ओळखायचा?

कलमवाली_देवगड

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीत, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरचा पहिला आठवडा, इटलीत दहा दिवस राहायचा बेत आहे. शहरं पालथी घालण्यापेक्षा कुणाच्या तरी शेतावर मुक्काम करावा, त्यांची बाग, गोठा, काढणी बघावी असं घरात सगळ्यांचंच म्हणणं पडलं. आमची हापूसची बाग असल्यामुळे एप्रिल-मेमध्ये हलता येत नाही, पावसाळ्यात भात असतं, त्यामुळे दिवाळी हाच एक मोकळा काळ.

माणसं सहा. आम्ही दोघं, मुलगी 12 वर्षांची, मुलगा 9 चा, सासूबाई आणि सासरे. सासऱ्यांचे गुडघे दुखतात, सासूबाई पूर्ण शाकाहारी. गाडी हे चालवतील.

अडचण अशी की बुकिंगच्या साइटवर सगळे फोटो एकसारखेच: दगडी घर, पोहण्याचा तलाव, मागे द्राक्षवेली. यात शेतकऱ्याचं घर कुठलं आणि नुसतं भाड्याला लावलेलं घर कुठलं ते कळत नाही. दोघा यजमानांनी थेट बँकेत आगाऊ रक्कम मागितली आहे, ती द्यावी का? तोस्काना (टस्कनी) बरं की उत्तरेचा साउथ टायरोल? व्हिसाला अशा घराचं बुकिंग चालतं का? आणि भेट म्हणून घरचं काय नेता येईल?

आचऱ्याचा_माड

ताई, इटलीत हे ओळखणं इतर देशांपेक्षा सोपं आहे, कारण तिथे यासाठी स्वतंत्र कायदा आहे. पहिला 1985 चा, आता चालू आहे तो 2006 चा (कायदा क्रमांक 96). त्यानुसार 'ॲग्रितुरिज्मो' ही पाटी फक्त शेती करणाऱ्यालाच लावता येते. पाहुण्यांचा व्यवसाय शेतीला जोडलेला असला पाहिजे आणि कामाच्या वेळेच्या हिशेबात शेतीच वरचढ राहिली पाहिजे. पाहुणे दहापर्यंतच असतील तर शेती मुख्य आहे असं कायदाच धरून चालतो. जेवण दिलं तर त्यात घरच्या आणि परिसरातल्या मालाचा ठरावीक वाटा लागतो, तो प्रत्येक प्रदेशाचं (रीजनचं) सरकार ठरवतं.

म्हणून जाहिरातीत 'कंट्री हाउस', 'व्हिला', 'फार्महाउस', 'काझाले' यांपैकी काहीही लिहिलेलं असेल तर तो शेतकरी असेलच असं धरू नका. घर वाईट असतं असं नाही, पण तुम्हाला जे हवं आहे ते तिथे मिळायची खात्री नाही. आपल्याकडे किनाऱ्यालगतच्या बंगल्याला कुणीही 'कृषी पर्यटन' लिहितो तसंच ते.

दुसरी गोष्ट नोंदणी क्रमांकाची. इटलीत पर्यटकांना ठेवणाऱ्या प्रत्येक घराला राष्ट्रीय ओळख क्रमांक लागतो, त्याला तिथे 'चिन' म्हणतात. 1 जानेवारी 2025 पासून तो जाहिरातीत आणि घराबाहेर दाखवणं सक्तीचं झालं आहे. सुरुवात 'आयटी' या दोन रोमन अक्षरांनी होते, पुढचे सहा आकडे ते गाव सांगतात. बोल्झानो (म्हणजेच साउथ टायरोल) प्रांतातलं घर असेल तर त्या सहातले पहिले तीन 021, तोस्कानातल्या सिएना प्रांतातलं असेल तर 052. जाहिरात सिएनाची आणि आकडे तिसऱ्याच प्रांताचे, असं दिसलं की थांबा आणि विचारा. तो क्रमांक जसाच्या तसा इंटरनेटवर शोधा. सगळीकडे एकच नाव, एकच गाव आलं पाहिजे.

यजमान पोहोचल्यावर सगळ्यांचे पासपोर्ट मागेल. बिचकू नका. पाहुण्यांची माहिती 24 तासांत पोलिसांना ऑनलाइन कळवणं त्याच्यावर बंधनकारक आहे. उलट कुणी पासपोर्टच मागितला नाही तर ते घर नोंदलेलं नसावं अशी शंका घ्यायला जागा आहे.

साउथ टायरोलमध्ये 'रोटर हान', म्हणजे लाल कोंबड्याचं चिन्ह शोधा. तिथल्या शेतकरी संघटनेचं ते चिन्ह आहे आणि घरांना फुलांची श्रेणी असते. इटलीच्या बाकी भागात ॲग्रितुरिज्मोला एक ते पाच सूर्यफुलं देतात. पण फुलं सोयींबद्दल सांगतात. गोठ्यात गाय आहे की नाही ते सांगत नाहीत.

माडखोलची_वहिनी

वरचं सगळं बरोबर, पण क्रमांक बघून फक्त नोंदणी कळते. शेत जिवंत आहे का ते कळायला दोन कामं स्वतः करा.

एक, नकाशाचं उपग्रह चित्र उघडून घर शोधा आणि आजूबाजूला पाहा. बाग नीट ओळींत आहे का? शेड, ट्रॅक्टर, शेणखताचा ढीग, गवताच्या पांढऱ्या गुंडाळ्या दिसतात का? सफरचंदाच्या बागेवर गारपिटीची जाळी आणि तिचे खांब स्पष्ट दिसतात. घर, तलाव, हिरवळ आणि भोवती दुसऱ्याची शेतं, असं असेल तर तुम्हाला उत्तर मिळालं.

दोन, यजमानाला एकच प्रश्न विचारा: 'आमच्या तारखांना तुमच्या शेतात नेमकं काय काम चालू असेल?' खरा शेतकरी लगेच सांगतो की फुजी जातीची सफरचंदं उतरवून झालेली असतील, पिंक लेडी जातीची चालू असतील, किंवा ऑलिव्ह काढून गिरणीला नेत असू. नुसता घरमालक 'सुंदर निसर्ग, शांत वातावरण' असं लिहून पाठवतो. तुम्ही बागायतदार आहात, त्या दोन उत्तरांतला फरक तुम्हाला पहिल्या ओळीत कळेल. सोबत आपल्या कलमांचा एखादा फोटो पाठवा. शेतकऱ्याला शेतकरी पाहुणा आला तर आवडतो आणि तो मोकळेपणाने लिहितो.

अभिप्राय वाचताना सरासरी गुणांवर जाऊ नका. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये राहून गेलेल्यांचे तेवढे काढा. उन्हाळ्यातल्या पाहुण्याला तलाव आवडलेला असतो. तुमच्या काळात त्याच तलावावर ताडपत्री असते. तीन-चार गुण देणाऱ्यांनी काय लिहिलं आहे ते आधी वाचा: थंड खोल्या, खराब रस्ता, गरम पाणी संपणं, हे सगळं तिथे सापडतं.

कोलझर_बागायत

तोस्काना की साउथ टायरोल, याचं उत्तर तुमच्या तारखांत आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी तोस्कानात ऑलिव्हची काढणी जोरात असते. झाडाखाली जाळ्या अंथरतात, काठीला लावलेल्या यांत्रिक कंगव्याने फळं पाडतात आणि शक्यतो त्याच दिवशी गिरणीत नेतात, कारण ढिगात पडून राहिलं की फळ तापतं आणि तेल बिघडतं. गिरणीतून निघालेलं ताजं हिरवं तेल पावावर घालून खायला मिळतं. ज्याला प्रक्रियेत रस आहे त्याने हे बघावंच.

पण तोस्कानाची एक अडचण कुणी आधी सांगत नाही. इटलीत घर गरम करायची यंत्रणा कधी चालू करायची याचेही नियम आहेत. देशाचे हवामानाप्रमाणे विभाग पाडले आहेत. फ्लॉरेन्स, सिएना ज्या विभागात येतात तिथे हीटिंग 1 नोव्हेंबरपासून आणि दिवसाला जास्तीत जास्त 12 तास. बोल्झानोच्या विभागात 15 ऑक्टोबरपासून, 14 तास. त्याहून उंच डोंगरी गावांना असं बंधनच नाही. म्हणजे 27-28 ऑक्टोबरला तोस्कानातल्या जाड दगडी भिंतींच्या घरात रात्री गारठा असेल आणि यजमान म्हणेल, अजून सुरू केलेलं नाही. आपल्याला 20 अंशांत शाल लागते, तेव्हा सत्तरीतल्या माणसांना घेऊन हे गृहीत धरू नका. लाकडाची शेगडी आहे का, लाकूड भाड्यात की वेगळं, गॅसचा हिशेब मीटरप्रमाणे लावणार का, हे तिन्ही लेखी विचारा. बऱ्याच ठिकाणी हीटिंग भाड्यात नसतं आणि शेवटच्या दिवशी मीटर बघून आकारणी होते.

साउथ टायरोलमध्ये याच दिवसांत सफरचंदाचा हंगाम संपत आलेला असतो आणि चेस्टनटचा चालू असतो. ऑक्टोबर ते नोव्हेंबर तिथे 'टॉर्गेलन' चालतं: शेतकऱ्याच्या घरी नवी वाइन, बार्लीचं सूप आणि विस्तवावर भाजलेले चेस्टनट. चवीला भाजलेल्या आठळ्यांच्या जवळ जातात, मुलं आवडीने खातील. त्याची जागा आधी सांगून ठेवावी लागते, शनिवार-रविवारी तर नक्कीच.

गाईंचंही सांगतो. जून ते सप्टेंबर गुरं उंच कुरणांवर असतात, त्यामुळे जुलैत 'गाईंचं शेत' म्हणून जाणाऱ्यांना रिकामा गोठा दिसतो. सप्टेंबरमध्ये गुरं खाली उतरतात. तुमच्या तारखांना ती घरी असतील. संध्याकाळी साधारण पाच-साडेपाचला दूध काढतात, तेव्हा मुलांना गोठ्यात येऊ देणार का हे आधी विचारून ठेवा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि पाचच्या सुमारास अंधार पडतो. 1 नोव्हेंबरला सार्वजनिक सुट्टी असते, दुकानं बंद. आणि त्या आठवड्यानंतर डोंगरातली बरीच घरं डिसेंबरपर्यंत बंद होतात, म्हणून मुक्कामाचा शेवट 5-6 नोव्हेंबरच्या आत ठेवा.

माझं मत स्पष्ट आहे: आजी-आजोबा आणि मुलं बरोबर असतील तर साउथ टायरोल, आणि तेसुद्धा दरीतलं, सपाटीवरचं सफरचंदाचं शेत. उंचावरची घरं फोटोत देखणी असतात, पण तिथला प्रत्येक जिना आणि प्रत्येक वळण गुडघ्यांवर येतं.

आचऱ्याचा_माड

कोलझरशी जवळपास सहमत. फक्त सासऱ्यांना सांगा की सफरचंदाच्या झाडांवर उंच नेलेले पाइप आणि फवारे दिसतील ते पाणी देण्यासाठीच नसतात. एप्रिलमध्ये मोहोर आलेला असताना रात्री दव गोठण्याइतकी थंडी पडली तर ते रात्रभर पाणी उडवतात. पाण्याचा बर्फ होताना उष्णता बाहेर पडते आणि बर्फाच्या आतला मोहोर शून्याच्या आसपास टिकतो. मात्र मध्येच पाणी बंद पडलं तर नुकसान जास्त, म्हणून सकाळी बर्फ वितळायला लागेपर्यंत चालूच ठेवतात. मोहोराची काळजी करणाऱ्या माणसाला यावर यजमानाशी तासभर बोलता येईल.

रत्नांग्री_खातेवही

पैशांबद्दल. छोट्या शेतकऱ्याने 20 ते 30 टक्के आगाऊ मागणं यात वावगं काही नाही, सगळ्यांकडे कार्डाची सोय नसते. पण पाठवण्याआधी हे बघा.

बँक खात्याचा क्रमांक, म्हणजे आयबॅन, देशाच्या दोन अक्षरांनी सुरू होतो. इटलीचा 'आयटी' आणि एकूण 27 अक्षर-आकडे, ऑस्ट्रियाचा 'एटी' आणि 20, जर्मनीचा 'डीई' आणि 22. शेत इटलीत आणि खातं तिसऱ्याच देशात, असं असेल तर कारण विचारा. खातेदाराचं नाव शेताच्या किंवा यजमानाच्या नावाशी जुळलं पाहिजे. त्यांचा व्यवसायाचा कर (व्हॅट) क्रमांक मागा. इटलीत तो 11 आकडी असतो आणि युरोपियन युनियनच्या 'व्हिएस' या सरकारी पानावर, तिथे नोंदलेला असेल तर, तपासता येतो. क्रमांक खरा असेल तर ते पान बहुतेक वेळा नाव-पत्ताही दाखवतं.

सगळ्यात मोठा धोका खोट्या घराचा नाही, मधल्या मेलचा आहे. घर खरं असतं, यजमान खरा असतो, पण त्याचं मेल खातं कुणीतरी उघडलेलं असतं आणि 'आमचं बँक खातं बदललं आहे, रक्कम इथे पाठवा' असा मेल त्याच पत्त्यावरून येतो. म्हणून रक्कम पाठवण्याआधी शेताच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा शेतकरी संघटनेच्या यादीत जो फोन आहे त्यावर बोला आणि खात्याचे शेवटचे चार आकडे तोंडी पडताळा. मेलमध्ये दिलेल्या फोनवर नव्हे.

आपल्याकडून पाठवताना तालुक्याच्या शाखेत परकीय चलनाचं काम होत नसेल तर ते करणाऱ्या मोठ्या शाखेत जावं लागेल. ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज), पॅन आणि यजमानाचं बिल लागतं. खर्च कुणी सोसायचा या रकान्यात 'अवर' हा पर्याय निवडा, म्हणजे सगळे बँक खर्च तुमच्याकडून कापले जातील आणि समोरच्याला पूर्ण रक्कम मिळेल. दुसरा पर्याय घेतला की मधल्या बँका वाटेत कापतात, यजमानाला 300 ऐवजी 280 युरो दिसतात आणि मग उरलेल्या 20 वरून मेल सुरू होतात. कार्ड घेत असतील तर कार्डच बरं. चलन बदलाचा दोन ते साडेतीन टक्के खर्च पडतो, पण घर खोटं निघालं तर बँकेकडे वाद नोंदवता येतो.

बिलात आगाऊ रकमेला काय म्हटलं आहे तेही बघा. इटलीच्या दिवाणी कायद्यात 'कपार्रा' म्हणून घेतलेल्या रकमेला दोन्ही बाजूंनी वजन आहे: तुम्ही रद्द केलं तर ती गेली, यजमानाने मोडलं तर दुप्पट परत द्यायची. 'अक्कोंतो' ही नुसती उचल, तिला हा नियम लागत नाही. व्हिसा नाकारला गेला तर रक्कम परत मिळेल का, एवढं वाक्य लेखी घेऊन ठेवा. बहुतेक यजमान हो म्हणतात, विचारायला मात्र हवं.

भाड्याव्यतिरिक्त तीन गोष्टी लागतात: शेवटची साफसफाई (एकदाच), चादरी-टॉवेल (काही ठिकाणी वेगळे) आणि माणशी दर रात्रीचा स्थानिक कर. हा कर बहुधा तिथेच भरायचा असतो, साउथ टायरोलमध्ये 14 वर्षांखालच्या मुलांना माफ.

व्हिसाचं थोडक्यात: शेतावरचं बुकिंग चालतं. यजमानाकडून पत्र घ्या ज्यात सहाही नावं पासपोर्टप्रमाणे, तारखा, पूर्ण पत्ता, फोन, नोंदणी क्रमांक आणि सही-शिक्का असेल. 'मिस्टर अँड फॅमिली' असं लिहिलेलं पत्र कामाचं नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मर्यादा 15 दिवस, पण दिवाळीच्या गर्दीत भेटीच्या वेळा मिळत नाहीत, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्येच करा. शुल्क मोठ्यांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांखालील मुलांना 45. म्हणजे मुलीचे पूर्ण, मुलाचे निम्मे, सहा जणांचे मिळून 495 युरो आणि वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. विमा किमान 30,000 युरोंचा. बोटांचे ठसे 12 वर्षांपासून पुढे लागतात, त्यामुळे मुलीलाही जावं लागेल.

गुहागर_गिअरबॉक्स

गाडीचं बघा, कारण शेतावर राहायचं म्हणजे रोजचा रस्ता तोच.

आपल्या लायसन्सबरोबर इटलीत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. आरटीओकडे फॉर्म 4ए, एक वर्ष चालतो. काही भाड्याच्या कंपन्या काउंटरवर विचारत नाहीत, पण रस्त्यात पोलिस विचारतात आणि अपघात झाला तर विमा कंपनी विचारते.

सहा माणसं आणि सहा बॅगा सात आसनी गाडीत मावत नाहीत. मागची रांग उघडली की डिकी संपते. नऊ आसनी व्हॅन घ्यावी लागेल, आपल्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालते. पण ती रुंद असते. शेताकडे जाणारा शेवटचा दीड-दोन किलोमीटरचा रस्ता किती रुंद आहे, समोरून ट्रॅक्टर आला तर मागे घ्यायला जागा आहे का, हे यजमानाला गाडीचं नाव सांगून विचारा. तोस्कानात हा शेवटचा तुकडा बऱ्याचदा खडीचा कच्चा असतो. भाड्याच्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ सहसा धरलेला नसतो, आणि खडीवर नेमकं तेच जातं.

इटलीत 150 सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला बूस्टर सीट सक्तीची आहे. मुलाला लागेलच, मुलीची उंची मोजून घ्या. सिएना, फ्लॉरेन्ससारख्या गावांच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही, कॅमेरे असतात आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो, वर भाडे कंपनीचं हाताळणी शुल्क वेगळं. गाडी वेशीबाहेर लावा आणि चालत जा.

साउथ टायरोलला गेलात तर गाडी नसली तरी चालेल. यजमान 'गेस्ट पास'च्या योजनेत असेल तर तो पास मिळतो आणि प्रांतातल्या बस-रेल्वे फुकट. बुकिंगआधी विचारायचे दोन प्रश्न: पास देता का, आणि बसथांबा घरापासून किती मीटर व किती चढावर आहे. उत्तर '300 मीटर' असेल तर त्यातला चढ किती हेही विचारा, सासऱ्यांसाठी तेच महत्त्वाचं.

राजापूरची_चूल

स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंटच घ्या, नुसती खोली नको. सासूबाईंसाठी ते फार मोलाचं ठरेल. तिथल्या 'शाकाहारी' सूपमध्ये मांसाचं पाणी असू शकतं, डंपलिंगमध्ये खारवलेलं डुकराचं मांस असतं, आणि पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या एन्झाइमने घट्ट करतात. यजमानाला 'व्हेजिटेरियन' एवढंच न लिहिता 'मांस नाही, मासे नाहीत, मांसाचा स्टॉक नाही, चरबी नाही' असं फोडून लिहा.

कुकर नेणार असाल तर शेगडी गॅसची, काचेची की इंडक्शनची ते विचारा. साधा ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर तापत नाही. आणि इटलीतल्या घरांना बऱ्याचदा फक्त 3 किलोवॅटची वीजजोडणी असते. इंडक्शन दोन किलोवॅट, वर पाण्याची इलेक्ट्रिक किटली दोन, की मेन स्विच पडला. अंधारात घाबरू नका, एक उपकरण बंद करून स्विच वर करा. तो स्विच कुठे आहे ते पहिल्याच दिवशी दाखवून घ्या, जुन्या घरांत तो बाहेर फाटकापाशी असतो. आपले जाड तीन पिनांचे प्लग तिथे बसत नाहीत, दोन ॲडॅप्टर ठेवा.

आता न्यायच्या वस्तू. युरोपियन युनियनमध्ये बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, खव्याची आंबा बर्फी नको. ताजी फळं-भाजी रोपआरोग्य प्रमाणपत्राशिवाय नाही. यातून फक्त पाच फळं सुटली आहेत: अननस, नारळ, केळं, खजूर आणि ड्युरियन. दिवाळीत हापूस नसतो, पण कच्चे आवळे, लिंबं, कढीपत्ता, विड्याची पानंही त्यातच येतात. हे उगाच नाही: 2014 मध्ये फळमाशीमुळे युरोपने आपला हापूसच बंद केला होता, तो 2015 मध्ये पुन्हा सुरू झाला. आपल्या बॅगेतून एक अळी गेली तर नुकसान इथल्याच बागायतदारांचं होतं.

काय चालतं: हवाबंद डब्यातला आमरस, आंबापोळी, आमसुलं, भाजलेले काजू, कोकम सरबत. भेटीला याहून चांगलं काय? डबे चेक-इन बॅगेत. सुकं खोबरं मात्र नको, तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमान कंपन्या ते घेत नाहीत. खोबरं घालून केलेलं वाटपही घरीच ठेवा.

सुकी मासळी कायद्याने चालते, माणशी 20 किलोपर्यंत. पण ती त्यांच्या घरात भाजू नका. थंडीत खिडक्या बंद असतात, वास लाकडी भिंतीत दिवसेंदिवस राहतो आणि साफसफाईचे जास्तीचे पैसे लावतात.

कलमवाली_देवगड

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. वहिनींचा प्रश्न दोघांनाही पाठवला. तोस्कानावाल्यांनी लिहिलं, 'शांतता आणि सूर्यास्ताचा आनंद घ्या.' साउथ टायरोलमधल्या मेरानोजवळच्या सफरचंदवाल्यांनी लिहिलं की पिंक लेडीची शेवटची तोडणी चालू असेल, मोठ्या पेट्या ट्रॅक्टरने सहकारी संस्थेत नेतात, मुलांना एक फेरी बघता येईल. सहा गाई आहेत. खोल्या तळमजल्यावर नाहीत, पण 11 पायऱ्या आणि कठडा आहे. बसथांबा 200 मीटरवर, सपाट. चिनमध्ये 'आयटी'नंतर 021 आहे. आम्ही घरीही चार गाई पाळतो, त्यामुळे त्यांच्या गोठ्यात जाण्याबद्दल काही पथ्य आहे का?

वैभववाडी_गोठा

आहे, आणि ते कडक पाळा. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, युरोपने ते हद्दपार केलेलं आहे. जानेवारी 2025 मध्ये जर्मनीत बर्लिनजवळ म्हशींमध्ये ते सापडलं, 1988 नंतर प्रथमच. त्यानंतर मार्चमध्ये हंगेरी आणि स्लोव्हाकियात. एक रोगी जनावर सापडलं की सगळा कळप मारावा लागतो आणि आजूबाजूच्या सगळ्यांची दूध-मांसाची विक्री थांबते. विषाणू बुटाच्या तळव्यात अडकलेल्या शेणमातीतून जातो, कपड्यांवरून जातो.

त्यामुळे घरच्या गोठ्यात घातलेली चप्पल, बूट, कपडे नेऊच नका. निघण्याआधी चार-पाच दिवस गुरांचं काम दुसऱ्या कुणाकडे द्या. यजमानाला स्वतःहून सांगा की आमच्याकडे गाई आहेत. तो त्याचे गमबूट देईल किंवा काही दिवस लांबून बघा म्हणेल, जे म्हणेल ते मान्य करा. परत आल्यावरही तेच, उलट दिशेने. कच्चं दूध दिलं तर उकळून घ्या. वासराजवळ असलेल्या गाईपाशी मुलांना एकटं सोडू नका.

पुढेमागे न्यूझीलंडचा विचार केलात तर तिथे उतरताना गेल्या 30 दिवसांत शेतावर किंवा जनावरांजवळ गेला होतात का, असा प्रश्न असतो. बागायतदाराचं खरं उत्तर 'हो' असंच असतं आणि तेच लिहायचं, ते बूट तपासतात आणि सोडतात. खाण्याची वस्तू न सांगता नेली तर 400 डॉलर दंड जागेवर.

माडखोलची_वहिनी

मेरानोवाल्यांचं उत्तर वाचूनच खात्री पटली. आता त्यांना तीन वाक्यं पाठवा: हीटिंग भाड्यात आहे का, व्हिसा नाकारला तर आगाऊ रक्कम परत मिळेल का, आणि पत्रात सहाही नावं घालाल का. कठडा पायऱ्यांच्या कुठल्या बाजूला आहे तेही विचारा, सासऱ्यांचा कुठला गुडघा जास्त दुखतो त्यावर ते अवलंबून आहे. आंघोळीला टब असेल तर धरायला दांडी आहे का, नाहीतर शॉवर असलेली खोली त्यांच्यासाठी ठेवायला सांगा. मेल आपल्या दुपारी पाठवा. तिथे तेव्हा सकाळचं दूध काढून झालेलं असतं, न्याहारीला बसल्यावर बघतील.